अमावस्येचा रंग

काचेच्या पट्टीवर दुधासारखा थेंब.
त्यात गोळ्या, केसाच्या जाडीत
साडेतीनशे बसतील एवढ्या.
त्यांनी रांगेत बसायचं, रांगेवर रांग,
पाणी हळूहळू उडून जाईस्तोवर.
एवढंच काम. सहा महिने ते होत नव्हतं.

भिंगातून बघून हिरेमठ सर म्हणायचे,
भेगा, सुलक्षणा. पुन्हा भेगा.
मी साबण बदलला, तापमान बदललं,
काच आम्लात तिसऱ्यांदा धुतली.
लॅबची वीज रात्री तोडतात,
म्हणून पट्ट्या वडगावात, आमच्या घरी,
लोणच्याच्या बरणीशेजारच्या फळीवर.
भिंतीपलीकडे चार यंत्रमाग.
आमच्या चहात वर्तुळं उठतात,
जन्मापासून बघत आले
आणि ध्यानात आलं नाही.

अमावस्येला माग बंद.
धोट्याला कुंकू, फणीला झेंडू.
कल्लाप्पामामा कट्ट्यावर विडी ओढत म्हणाले,
आज शांततेनं कान दुखायलेत बघ.
त्या रात्री गोळ्या बसल्या.

सकाळी पट्टी उजेडात धरली, तर हिरवी.
जरा कलती केली, निळी.
आप्पांनी अंगठा फिरवला
लुगड्याचा काठ तपासावा तसा.
धूपछाव आहे की गं. ताणा कुठला, बाणा कुठला?
धागाच नाही, आप्पा.
मग रंग कुठल्या दुकानचा?
बसव्वा दारातून डोकावली: बण्ण यल्लि?
दोघांना द्यायला उत्तर एकच होतं
आणि दोन्ही भाषांत ते अडखळत होतं:
बाकीचा उजेड जातो आरपार,
या एका हिरव्याला रांगांमधून वाट नाही.
तो उंबऱ्यावरून मागं फिरतो.
आपल्याला दिसतो तो हाच,
आत न घेतलेला.

आप्पा गप्प.
चष्म्यावर मारतात तशी फुंकर मारली त्यांनी पट्टीवर.
हिरवा जरा पिवळ्याकडे सरकला, परत आला.
मग म्हणाले, कचेरीतनं माझा अर्ज
तीनदा परत आलता, मराठीत लिहिला म्हणून.
बाकीच्यांचे आत गेले,
कुणाचे, कुणाला ठाऊक नाही.
माझाच तेवढा गल्लीभर माहीत आहे.
बसव्वा पदर तोंडाला लावून हसली,
तिनंच तो कन्नडमध्ये लिहून दिला होता, चौथ्यांदा.

दुसऱ्या दिवशी सहाला माग सुरू.
कपात वर्तुळं.
मी वही उघडली, नोंद केली:
तापमान तेवीस. आर्द्रता साठ. माग बंद.
सरांनी शेवटच्या दोन शब्दांखाली
लाल रेघ ओढली, बराच वेळ बघत राहिले,
आणि विचारलं,
पुढची अमावस्या कधी?