अर्धा मिलिग्रॅम

मी काटे दुरुस्त करतो.
चोपड्यात, बसस्टँडच्या मागच्या गल्लीत.
केळीवाल्यांचे, कापसाचे, सोनाराचे,
आणि भंगारवाल्याचा तो एक, ज्याला मी आतून ओळखतो.
काटा मारणं म्हणजे काय, ते मला शिकवू नका.

तरी सहा वर्षं
चैतालीच्या कपाळावर हात ठेवून
कळत नव्हतं, चूक किती ग्रॅमची.

मे महिना. बाहेर सेहेचाळीस.
पत्र्यावरून कावळासुद्धा उठून जातो
आणि ती म्हणते, पप्पा, गोधडी.
दुसरी पण.
दात वाजतात. पोट धरून वाकते.
गुडघा लाल, हात लावू देत नाही.
शेजारणी म्हणाल्या, ऊन लागलं, कैरी भाजा.
डॉक्टर म्हणाले टायफॉईड. मग मलेरिया. मग परत टायफॉईड.
एकदा अपेंडिक्स कापून काढलं
आणि बाटलीत दाखवलं मला:
गुलाबी, साफ, बिचारं.
चौथ्या दिवशी ताप आपला आपण उतरायचा
आणि ही अंगणात, जणू दुसरीच कुणी तापली होती.
शाळेतल्या बाई म्हणाल्या,
परीक्षेला बरं दुखतं हिचं पोट.

जयमाला दुधाचे खाडे मांडायची त्याच कॅलेंडरवर
तिने ताप मांडले.
दूध निळ्या पेनाने, ताप लाल.
एकवीस दिवस. तेवीस. एकोणीस. एकवीस.
मुंबईच्या डॉक्टरीणबाईंनी
रिपोर्टांची पिशवी बाजूला सारली
आणि कॅलेंडर मागून घेतलं.

जंतू नाहीत, म्हणाल्या. कधीच नव्हते.
मला समजलं ते असं:
ज्वारीत माळ्यावर राखणदार बसलाय,
पाखरू एक नाही, तरी गोफण फिरवतोय,
आणि धोंडे आपल्याच कणसांवर.

हे आई आणि बाप दोघांकडून यावं लागतं.
एकाकडून आलं तर काही होत नाही.
नात्यातलं लग्न का?
जयमाला माझ्या मामाची.
मांडवात सगळे म्हणाले होते, घरातलं सोनं घरात.
आम्ही दोघंही पास काटे, शिक्का मारलेले.
चूक इतकी बारीक
की एकेकटी दिसतच नाही.
दोघांची एकाच पारड्यात पडली.

परतताना ट्रॅव्हल्समध्ये तिने माझा हात धरला.
मी सोडवला.
नंतर मीच धरला, तोवर धुळं आलं होतं.

धनामावशीला सांगितलं.
ती बराच वेळ पायाची बोटं मोडत बसली, मग म्हणाली,
"सुपडू बी असाच तपे रे भाऊ. चार दिन.
मंग उठीसन खेयाले पये.
एक डाव उठनाच नही."
सुपडू. माझा मामा, जयमालाचा काका,
वय वर्षं सात, फोटो नाही.
आधीची दोन गेली म्हणून
जन्मल्या जन्मल्या सुपात घातलेला.
म्हणजे नाव ठेवणाऱ्यांना
काहीतरी माहीत होतं.

गोळी मिळाली. पांढरी, चिमुकली.
कळलावीतून निघतं म्हणे हे औषध.
कळलावी!
सातपुड्याच्या पायथ्याला कुंपणावर चढणारी,
फुलं अशी की वेलीला जाळ लागलाय.
कंद खाल्ला तर जनावर मरतं,
फूल घरात आणलं तर भांडणं लागतात
म्हणून आईने माझ्या हातातून हिसकून फेकलेली.
तीच आता देव्हाऱ्याखालच्या डब्यात,
रोज रात्री, जेवणानंतर.
सोनाराच्या काट्यावर गोळी ठेवून पाहिली:
एकशे दहा मिलिग्रॅम.
त्यात बाकी सगळा खडू. औषध अर्धा मिलिग्रॅम.
तेवढं दाखवणारा काटा माझ्याकडे नाही.

दर तीन महिन्यांनी लघवीची बाटली जळगावला नेतो,
किडन्या शाबूत आहेत ना, बघायला.
गोळी जन्मभर.
एकदा लग्नाच्या गडबडीत दोन दिवस राहिली
तर तिसऱ्या दिवशी गोधडी.

पण काल एकविसावी रात्र होती.
आम्ही दोघं न ठरवता जागे.
दीड वाजता ती उठून बसली,
जयमालाचा हात थर्मामीटरकडे गेला,
आणि चैताली वैतागून म्हणाली,
पप्पा, फॅन वाढवा ना, किती उकडतंय.

साऱ्या चोपड्याला उकडत होतं, तसंच.