उरलेलं मुद्दल

स्टेडियम पाडलं त्या रविवारी
व्हर्ना प्रिबिल्स्की पुलाच्या कठड्याशी
घडीची खुर्ची टाकून बसली होती.
मांडीवर थर्मास, कानात कापूस.
नऊ वाजून चार मिनिटांनी
आधी काहीच झालं नाही.
मग पश्चिमेची बाजू गुडघ्यात वाकली.
आवाज नंतर आला, नदी ओलांडून,
हप्ता थकलेल्या माणसासारखा, मान खाली घालून.

लोकांनी टाळ्या वाजवल्या.
कशासाठी, ते कुणालाच सांगता आलं नसतं.

एकवीस वर्षांपूर्वी काउंटीच्या सभेत
तिचा लेनर्ड माइकपाशी उभा राहिला होता.
पाणीखात्यात फिटर, नखांत कायमचं ग्रीस.
म्हणाला, पाइप आजोबांच्या वेळचे आहेत.
म्हणाला, टॅनर स्ट्रीटखाली माती वाहून गेलीय,
पोकळीत माझा हात जातो,
इथपर्यंत,
आणि मनगट धरून दाखवलं.
तीन मिनिटं संपली. लाल दिवा लागला.
संघमालकाच्या वकिलाला दिवा नव्हता.
त्याच्याकडे चित्रं होती: काचेचं छत, झाडं,
झाडांखाली माणसं,
माणसांना सावल्या नव्हत्या.

सात विरुद्ध चार.

रोखे निघाले. करमुक्त.
म्हणजे व्याजाला वॉशिंग्टन हात लावणार नाही,
आणि वॉशिंग्टनने जे सोडलं
ते मोंटानातल्या कुठल्याशा नर्सच्या पगारातून
गुपचूप भरून निघेल.
तिने या गावाचं नावही ऐकलेलं नाही.
तिकीट न काढताच तीही बसली
वरच्या रांगेत, खांबामागे.
कर म्हणजे हातसुद्धा.
हातून सुटलेलं, असंही वाचता येतं.

आणि गंमत अशी, की लेनर्डनेच एक रोखा घेतला.
पाच हजार डॉलरचा.
हरलो तर हरलो, म्हणाला,
व्याज तरी आपल्या दारात येऊ दे.
आलं.
दर फेब्रुवारीला, दर ऑगस्टला
एकशे बारा डॉलर पन्नास सेंट.
फेडण्यासाठी विक्रीकरात अर्धा टक्का वाढला:
मोज्यांवर, रंगाच्या डब्यावर, केकच्या मेणबत्त्यांवर.
लेनर्डच्या शवपेटीवरसुद्धा.
पावतीत ती ओळ वेगळी छापली होती.

त्या हिवाळ्यात तिने पावतीच्या पाठीवर हिशेब मांडला.
दिलं किती, घेतलं किती.
दोनदा बेरीज केली.
फायद्यात होती ती.
पेन्सिल खाली ठेवली आणि कितीतरी वेळ
तिला शेजारच्या ओडेसा टायरेलकडे बघवेना.
ओडेसाकडे रोखा नव्हता.
नुसता अर्धा टक्का होता,
आणि बंद झालेली चौदा नंबरची बस.

ऋण काढून सण केला.
सणही काही वाईट झाला नाही, खोटं का बोला,
एका ऑक्टोबरात तर संघ अंतिम फेरीत गेला होता
आणि लेनर्ड, सभेत भांडलेला लेनर्ड,
स्वयंपाकघरात रेडिओला मिठी मारून रडला होता.
मग एका मंगळवारी रात्री
हिरव्या ट्रकांतून संघ निघून गेला,
दुसऱ्या राज्यातल्या दुसऱ्या चित्राकडे.
गवत वाढलं. ससे आले.
रोख्यांची मुदत अजून अकरा वर्षं.

धूळ पुलापर्यंत आली तेव्हा
व्हर्नाने थर्मासचं झाकण लावलं.
कोटावर पांढरं काहीतरी बसलं होतं,
झटकावं की नाही ते ठरेना.

टॅनर स्ट्रीटला पिवळे अडथळे लावलेले.
रस्ता खचला होता, पाणी फुटपाथवरून वाहत होतं.
हादऱ्याने नाही हो, पोरगा म्हणाला,
पहाटेच गेलाय.
खात्याचं जाकीट नवं होतं, बाह्या लांब.
पोटावर पालथा पडून
तो भगदाडात काहीतरी चाचपत होता.

हात जातो का? तिने विचारलं.

त्याने मान वर केली. गालाला चिखल.
खांद्यापर्यंत, म्हणाला.
आणि तळ लागत नाही.