बरंय

पहाटे साडेचारला फेरिदुनने मला हलवून उठवलं.
सूर्य वर आल्यावर बेयरान प्यायचं
म्हणजे कालचं वर्तमानपत्र वाचायचं,
असं लॉजच्या रात्रपाळीवाल्याने त्याला पढवलं होतं.
आम्ही इझ्मीरचे. आमची सकाळ म्हणजे
ऑलिव्ह, काकडी, पांढरं चीज
आणि समुद्राकडे तोंड करून गप्प बसणं.
इथे आन्तेपात समुद्र नाही.
अंधारात लसणाचा वास आहे, म्हणे.

म्हणे, कारण मला येत नाही.
त्या तापाला दोन हिवाळे झाले,
तेव्हापासून माझं नाक चेहऱ्यावर
भाडं न देता राहतंय.
कॉफी म्हणजे गरम.
पीच म्हणजे गोड ओला कापूस.

ही सहल त्याची.
"आंधळीला चित्रं दाखवायला नेतोस होय?"
"मी सांगेन ना," म्हणाला.
हा सांगणार!
जमीन मोजणी खात्यात हयात गेली,
चौतीस वर्षं माझ्या हातचं जेवला,
कसं झालंय विचारलं की एकच शब्द, बरंय.
द्राक्षाच्या पानांतल्या भाताला बरंय,
ईदच्या कोकराला बरंय,
करपलं त्यालासुद्धा.

पहिल्या दिवशी कातमेर.
पोऱ्याने कणकेचा गोळा हवेत झटकला,
चादर झटकावी तसा, आरपार दिसेपर्यंत,
आत साय, पिस्ते, चार घड्या, भट्टी.
"गोड तुला कळतंच," फेरिदुन घसा खाकरून म्हणाला,
"ते सोडून सांगतो.
आधी कागद फाटतो. मग साय. मग… हिरवं."
"हिरवं म्हणजे?"
तो बराच वेळ चावत राहिला.
"मोजणीला गेल्यावर कधी एखादा तुकडा लागायचा बघ,
कुणाच्याच नावावर नसलेला.
गुडघाभर गवत. साखळी टाकावीशी वाटायची नाही.
तसं."

मेमिक उस्ता गल्ल्यावरून ऐकत होते.
लग्नाच्या दुसऱ्या सकाळी आमच्याकडे
नवऱ्याच्या घरून हेच जातं, म्हणाले,
तुम्हाला पोचायला उशीर झाला थोडा.
फेरिदुनचे कान तांब्याच्या भांड्यासारखे झाले.
त्याने सुट्टे पैसे घेतलेच नाहीत.

मग तांबटांचा बाजार, हजार हातोड्या,
दोरीवर वाळत टाकलेली पोकळ वांगी,
किल्ल्याच्या अंगावर परांच्या,
भूकंपात बुरूज उतरला तो अजून दगड दगड बसवतायत.
टॅक्सीवाला म्हणाला, अकरा रात्री याच गाडीत झोपलो, पाच जण.
पाचव्या दिवशी चौकात कुणीतरी कढई चढवली.
मीठ नव्हतं त्यात.
कुणी विचारलं नाही.

संग्रहालयात एका काळोख्या खोलीत
ती एकटीच होती, खड्यांची पोरगी.
हनुवटी गेलेली, ओठ गेलेले,
उरलेत ते डोळे आणि विस्कटलेले केस.
मी समोर उभी राहिले.
फेरिदुन पाटी वाचायला गेला
आणि परत येऊन, नवलच,
काही सांगितलं नाही.

तर आजची पहाट, शेवटची.
कढ्यांखाली जाळ, खिडक्यांवर वाफ,
टेबलाला टेबल लावून बसलेले ट्रकवाले,
तांब्याच्या वाडग्यात भात, कोकराच्या मानेचं मांस,
वर लाल तवंग.
फेरिदुन चमचा नाकाशी धरून शब्द जुळवत होता:
"हे असं आहे, नेबाहत, की समज…"
मी वाट पाहिली नाही.

तिखटाला नाक लागत नाही,
हे मला कुठल्या डॉक्टरने सांगितलं नव्हतं.
जीभ पेटली. टाळू, कान, केसांची मुळं.
डोळ्यांतून, नाकातून, सगळीकडून पाणी,
दोन हिवाळ्यांनी त्या भाडेकरूला काम लागलं.
शेजारच्या ट्रकवाल्याने न बोलता
पाव माझ्याकडे सरकवला.

फेरिदुन अर्धा उठलेला. "पाणी आणू? कसं आहे? अगं, कसं आहे?"

मी रुमालात नाक शिंकरलं,
मिरचीची वाटी स्वतःकडे ओढली
आणि म्हटलं,
बरंय.