उजवा खांदा

वजन नाही तिथे वजन कसं उचलायचं,
हा आमचा सकाळी नऊचा प्रश्न.
कोलोनच्या बाहेर, विमानतळाला लागून,
तिसऱ्या इमारतीच्या तळघरात
वीबके फळ्यावर खडूनं एक माणूस काढते,
त्याच्या पायाखालची रेघ पुसून टाकते
आणि म्हणते, आता ह्याला पळव.

लोखंडाच्या चकत्या वर नेऊन उपयोग नाही.
शंभर किलोची चकती तिथे
करंगळीनं ढकलली तरी निघते
आणि मग थांबायचं नाव घेत नाही.
म्हणून दोन नळकांडी, आत पोकळी.
आत काहीच नाही,
आणि त्या काहीच-नाहीला ओढताना
माणसाला घाम फुटतो.
फुटतो, पण गळत नाही.
कपाळावर साचतो, डोळ्यांवर सरकतो,
आपलाच घाम आपणच टिपत बसायचं.

माझ्या भाषेत राबून राबून हाडांची काडं होतात.
वर ती न राबता होतात.
महिन्याला शेकडा एक, कधी दीड.
खुब्यातून, मणक्यातून कॅल्शियम निघून जातं
भाडं थकवलेल्या बिऱ्हाडासारखं,
रात्री, शेजाऱ्यांना न सांगता.
म्हणून रोज दोन तास.
सुट्टी नाही, आजारपणाचा बहाणा नाही.

यंत्र जमलं.
अडलं ते पट्ट्यापाशी.
पळायचं तर आधी कुणीतरी खाली ओढायला हवं.
कमरेपासून दोन रबरी दोर,
दोरांचा सगळा ताण खांद्यांवर.
पहिला पट्टा, दुसरा, चौथा.
फोम बदलला, सिलिकॉन लावलं,
आलेख सरळ आले
आणि खांदे सोलले गेले.

मग वीबकेनं आइफेलच्या डोंगरातून एक म्हातारा आणला.
आलोइस क्रॉइत्स. वय त्र्याहत्तर.
जंगलातून ओंडके ओढणाऱ्या घोड्यांचा साज शिवणारा.
अंगाला मेणाचा, कातड्याचा वास.
आलेखांकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही.
चाचणीला आलेल्या यानिकचा शर्ट काढायला लावला,
खांद्यावर तळवा ठेवला, म्हणाला, चाल.
आणि दोघं तळघरभर चालत राहिले
एकामागे एक,
आम्ही हातात कॉफी घेऊन उभे.

घोडा काही सांगत नाही, तो नंतर म्हणाला,
म्हणून हात ठेवायचा.
तुमचा पट्टा चांगला आहे. भरती चुकली.
भार हाडावर नको,
हाडाच्या शेजारी.

मला हसू आलं.
आमच्याकडे निरुपयोगी माणसांच्या गर्दीला
खोगीरभरती म्हणतात.
हे जर्मनमध्ये कसं सांगावं ते सुचेना,
राहून गेलं.

बोर्दोला विमान आकाशात कमान घेतं,
कमानीच्या माथ्यावर बावीस सेकंद
कुणाचंच वजन नसतं.
बावीस सेकंद, एकतीस वेळा.
मी शिवणी तपासल्या, दोनदा ओकलो.
आलोइस वर आला नाही.
हँगरमध्ये उलट्या बादलीवर बसून
दोऱ्याला मेण लावत होता.
पट्टा वर गेला पुढच्या वर्षी.

फेब्रुवारीत निरोप आला, उर्सिनाचा, कक्षेतून.
डावा बरा आहे.
उजवा अजून घासतो.

दोन्ही बाजू मापानं सारख्याच होत्या.
वीबकेनं तीनदा मोजल्या, मग फोन लावला.
पलीकडे म्हातारा खोकला, की हसला.
शाळेचं दप्तर कुठल्या खांद्यावर घ्यायची, विचारा तिला.

हे विचारायला परवानगी लागली.
दोन सह्या.
दुसऱ्या दिवशी उत्तर: उजव्या.
आठ वर्षं. शाळा डोंगरावर होती.

आलोइस पुन्हा आला, त्याच बसनं.
उजवीकडची शिवण उसवली.
घोड्याचे केस चालत नाहीत, पेट घेतात;
मंजूर झालेलं नमदं होतं, करडं,
त्यातून त्यानं एक चिमूट काढली
आणि दाखवायला म्हणून
आमच्या काट्यावर ठेवली.

काटा हलला नाही.
त्यानं खांदे उडवले,
सुईत दोरा ओवायला माझ्याकडे दिला.
सामान घेऊन जाणारं यान
मेअखेरीस आहे.