मनगट

लाट वर आली की मी म्हणतो, "आता."
तेवढंच.
त्या एका शब्दावर माणसानं बोटीतून पाऊल उचलायचं.
नाही उचललं तर गप्प बसायचं, पुढची लाट येईपर्यंत.
हात नाही धरत मी कुणाचा,
हात ओला असतो, हातमोज्यातून निसटतो.
मनगट धरतो.

एकतीस वर्षं झाली या धक्क्यावर.
धक्का कसला, खडकात ठोकलेल्या अकरा पायऱ्या,
त्यातल्या खालच्या चार कधी असतात, कधी नसतात.
चेहरे म्हणाल तर विसरतो.
पाद्रीबाबांचं मनगट मात्र वर्षातून सहा वेळा, लोण्यासारखं.
मेंढ्या मोजायला तोर्शाव्हनहून साहेब आला होता,
त्याचं घड्याळ माझ्या मुठीत राहिलं
आणि साहेब पाण्यात.
काढला त्याला. मेंढ्या त्यानं कमीच मोजल्या.

एक जर्मन बाई आली पक्षी बघायला.
तिची नाडी माझ्या अंगठ्याखाली
पफिनच्या पंखांसारखी फडफडत होती.
एका दिवसासाठी आली, वाऱ्यानं बारा दिवस ठेवून घेतली.
आमच्याकडे दार वाजवत नाही कुणी.
दार वाजलं म्हणजे कुणीतरी गेलं.
तिनं पहिल्याच संध्याकाळी हॅनुसचं दार वाजवलं,
तर त्याची बायको डोक्यावरचा रुमाल सारखा करत
रडायच्या तयारीनंच उघडायला आली.
चौथ्या दिवशी बाई सरळ आत जाऊन चुलीशी बसली.
सहा घरं. घरोघरी कॉफी,
घरोघरी वाऱ्यात सुकवलेलं तेच मटण,
आणि तीच एक बुडालेल्या होडीची गोष्ट,
फक्त बुडालेल्यांचा आकडा दर घरी वेगळा.
बाराव्या दिवशी बोट आली तेव्हा ती लोकर कातरत होती.
चिडली बोटीवर.

हे सगळं सांगतोय
ते मंगळवारचं सांगायचं लांबवावं म्हणून.

मंगळवारी सुन्नव्हा आली.
माझी मुलगी. सात वर्षांनी.
नारिंगी जाकीट, छातीशी गाठोडं,
बोटीच्या टोकाशी उभी, लहानपणी राहायची तशी,
एक गुडघा जरासा वाकवून.
बोटीनं तीन फेऱ्या घेतल्या.
"आता" माझ्या तोंडात आलं होतं.
दोनदा आलं.
दोन्ही वेळा गिळलं.
परकी बाई असती तर म्हणालो असतो.

मग मी डोक्यावर हातांची फुली केली,
बोटवाल्याला ती खूण कळते. सुन्नव्हालाही कळते,
तिला मीच शिकवली.
तिनं गाठोड्यातून एक बाही बाहेर काढली,
बाहीतून काहीतरी गुलाबी, आणि ते हलवलं.
पन्नास हातांवरून.
ओरडली काहीतरी, ते वाऱ्यानं पलीकडच्या कड्यावर नेलं,
कड्यावरच्या पक्ष्यांनी ऐकलं असेल तर असेल.
एक पिशवी फेकली, ती मात्र बरोबर माझ्या पायाशी:
कॉफी, बॅटऱ्या, तिच्या आईचा दुरुस्त केलेला चष्मा.

घरी बिल्लानं काही विचारलं नाही.
चष्मा घातला, खिडकीतून रिकाम्या समुद्राकडे पाहिलं,
आणि मांडलेल्या कपांतला एक
परत फळीवर ठेवला.

रात्री फोन आला.
"बाबा, लाट काही एवढी वाईट नव्हती."
मागे बाळ कुरकुरत होतं.
मी म्हटलं, "नव्हती."
मग दोघंही थोडा वेळ
मेंढ्यांविषयी बोललो.

आज ओहोटीला तारेचा ब्रश घेऊन
खालच्या चार पायऱ्यांवरचं शेवाळ खरवडतोय.
दगड दिसेपर्यंत.
मध्येच थांबतो, हातमोजा काढतो,
अंगठा आणि तर्जनी जुळवून बघतो:
एवढं असेल?
की याहून बारीक?

वारा वायव्येचा आहे.
गुरुवारी पडेल म्हणतात.