शेवटचा भाग

यानात हवा उरलेली सात मिनिटांची.
दारापलीकडून टकटक: तीनदा,
मग थांबून एकदा.
कॅप्टनच्या मेलेल्या भावाची खूण.
तिचा हात खटक्यावर

आणि लाइट गेली.

घणसोलीत सेक्टर सातची अख्खी बिल्डिंग
एकदम ओरडली.
चिन्मयीनं धरलेलं माझं मनगट तसंच तिच्या मुठीत.
जिन्यात मोबाइलचे उजेड, अनवाणी पावलं.
चौथ्या मजल्यावर भोईरांकडे इन्व्हर्टर.
"ओ भोईर, उघडलं का तिनं दार?"

बराच वेळ काहीच नाही.
मग वरून, पडलेल्या आवाजात,
"इथं पण अंधारच झाला.
आता नावं येतायत."

म्हणजे वर्षभर तो बाहेरच.

आम्ही चाचपडत घरात आलो, कडी लावली,
मेणबत्ती शोधत होतो तेवढ्यात
आमच्या दारावर टकटक.
तीनदा.

चिन्मयी काडी ओढायची थांबली.