जाते कोठी?

पहिल्या आवृत्तीत सगळं वर जात होतं.
पंचफुला उईके, आशाताई,
कोरचीच्या अलीकडचं गाव,
स्क्रीनवर बोट धरून म्हणाली:
"हे मी लिवलेलं जाते कोठी?"

वर, म्हटलं. सर्व्हरवर.
तिनं खरंच वर पाहिलं.
मोहाच्या शेंड्यावर एक कावळा, बाकी मोकळं.
"एका बाईचा तिसरा महिना
अजून तिच्या सासूले मालूम नाही,
अन् तुम्ही थो वर धाडता?"

परतीच्या एसटीत, वडसा येईपर्यंत,
मी ओळी खोडत होतो.

आता नोंद तिच्याच फोनात राहते.
रेंज लागत नाही; तशी ती इथं
शाळेच्या टाकीवर चढल्याशिवाय नसतेच.
मंगळवारी बाजारात
नर्सबाईंचा फोन तिच्या फोनाशेजारी
चिवड्याच्या पुडीला टेकवून ठेवायचा.
आकडे तेवढे पलीकडे जातात.
नावं नाहीत.

चैतात मोहफुलं वेचताना
फोन नाल्यात गेला.
मी रात्रभर जागा: सर्व्हर असता तर.
सकाळी जावेच्या नंबरावरून तीच.
"सापडलं सारं. तुम्ही इच्या फोनात
गठुडं ठेवाले लावलं होतं ना, थे."
जाऊबाईंनी उघडून पाहिलं नाही?
"पाह्यलं तं! पण उघडते कोठी?
गाठ माही हाय."

त्या बाईचं पुढं काय झालं,
विचारलं एकदा.
पंचफुला चहाची बशी फुंकत राहिली.

आणि माझ्याकडे तर पाहायला
जागाच नाही. मीच ठेवली नाही.